शून्य मागणी

औषध भांडारात तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता; मनातून बरंच वाटायचं. चोवीस वर्षांत तिच्या सहीशिवाय त्या लांबलचक, पत्र्याच्या छपराच्या इमारतीतून कापसाचा बोळासुद्धा बाहेर गेला नव्हता. एकदा साहेबांच्या घरून खोकल्याच्या औषधासाठी शिपाई आला होता, तर हिने त्याला "डॉक्टरची चिठ्ठी आण" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. साहेब महिनाभर धुसफुसले. हिने ढुंकून पाहिलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी नवी संगणक प्रणाली आली तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, पण कुलूपबाई खूश झाली. प्रत्येक खोक्यावर काळ्या रेघांची पट्टी आली, प्रत्येकाच्या हातात स्कॅनर आला, साहेबांच्या खोलीत भिंतभर पडदा लागला. आधी एकशेचाळीस आरोग्य केंद्रांची मागणीपत्रं यायची आणि प्रत्येक जण गरजेच्या दुप्पट मागायचा. चार मागितले तर दोन मिळतात हे सगळ्यांना पाठ झालेलं. मग एकीकडे औषधं मुदत संपून पडायची, दुसरीकडे फळ्या रिकाम्या. दर वर्षी मुदत संपलेली खोकी तीच मोजून नष्ट करायला पाठवायची.

नव्या प्रणालीने मागणीपत्रंच बंद केली. केंद्रातल्या नर्सने रोज संध्याकाळी फोनवर एवढंच भरायचं, आज कुठलं औषध किती वापरलं. पुढचं सगळं संगणक ठरवणार. ज्याचा जितका वापर, त्याला तितका माल. आठ महिन्यांत वाया जाणारी औषधं निम्म्याहून खाली आली. कुलूपबाई ज्याला त्याला सांगत सुटली, "माणूस वाढवून सांगतो. यंत्र नाही सांगत."

हेच वाक्य तिने आपल्या नणंदेलाही ऐकवलं, आणि तिथे चुकलं.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. नदीपलीकडे, डोंगरातल्या सगळ्यात लांबच्या केंद्रात नर्स. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. घरी चार माणसं जमली की नणंद मुद्दाम विचारायची, "वहिनी, साखरेच्या डब्यालाही कुलूप असतं का हो तुमच्याकडे?" आणि सगळे हसले की कुलूपबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

तर त्या नणंदेचा एका सकाळी भांडारात फोन आला.

"वहिनी, पूल उघडून पंधरा दिवस झाले. तुमची गाडी दोनदा येऊन गेली. बाकी सगळं आलं, बाळंतपणाचं इंजेक्शन नाही आलं."

"कुठलं?"

"रक्त थांबवायचं हो. बाळ झालं की बाईला देतो ते. मधे पाच आठवडे पूल दुरुस्तीला बंद होता, तेव्हाच माझ्याकडचं संपलं. आमचा फ्रीज केवढासा, महिन्याच्या वर साठा राहत नाही त्यात."

कुलूपबाईने संगणकात पाहिलं. "तुझ्या केंद्राची मागणी शून्य दाखवतंय. गेल्या चार आठवड्यांत तू एकही वापरलेलं नाहीस."

"नव्हतंच, तर वापरू कुठून?"

"मग तसं भरायचं."

"कुठे भरू? 'वापर किती' एवढा एकच रकाना आहे, आणि तो आकड्याशिवाय काही घेत नाही. 'नव्हतं' असं लिहायला गेले तर लाल होतो."

खरं तर इथेच कुलूपबाईने थांबायला हवं होतं. पण समोर वार्षिक मोजणीचे कागद पडले होते, दोन माणसं रजेवर होती, आणि फोनवर नणंद होती. ती म्हणाली, "तुला पूर्वीपासूनच सवय आहे दुप्पट मागायची. यंत्र वाढवून सांगत नाही. लागेल तसं येईल."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

नऊ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, नणंद भांडाराच्या दारात उभी होती. अंगात नर्सचा गणवेश, उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला. पहिली बस पकडून आली होती.

"थंड खोली उघडा," ती म्हणाली.

"अगं, हाताला काय झालं?"

"उघडा म्हणते ना."

थंड खोलीत बाहेरच्या माणसाला जायची परवानगी नव्हती. कुलूपबाईने स्वतः तशी पाटी लावून घेतली होती. पण नणंदेचा चेहरा बघून तिने काही न बोलता किल्ली फिरवली. आत डावीकडच्या फळीवर पांढरी खोकी ओळीने रचलेली होती.

"हीच ना?"

"हो."

"किती आहेत?"

"बेचाळीस खोकी. प्रत्येकात दहा कुप्या."

नणंद एका रिकाम्या क्रेटवर बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि कुलूपबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

"परवा दुपारी एक बाई आली. दुसरी खेप. बाळ छान झालं, खणखणीत रडलं. आणि मग रक्त थांबेना. हे इंजेक्शन असतं तर एक सुई टोचायची आणि दहा मिनिटं वाट बघायची. नव्हतं. मग मी हातांनी दाबून धरलं. एक हात पोटावरून, एक मूठ आतून. शिकवलेलं असतं आम्हाला, पण बावीस वर्षांत करायची वेळ आली नव्हती. दुधाच्या टेम्पोत घातलं तिला. इथल्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत दोन तास वीस मिनिटं. तेवढा वेळ मी मूठ उघडली नाही."

"जगली?" कुलूपबाईने कसंबसं विचारलं.

"जगली. पण गर्भाशय काढावं लागलं. सव्वीस वर्षांची पोर आहे ती." नणंदेने फळीकडे बोट केलं. "आणि ही इथे गार हवा खात बसलीत. एवढी जपून कोणासाठी ठेवलीत, वहिनी?"

कुलूपबाईला आपलंच वाक्य आठवलं: यंत्र वाढवून सांगत नाही. तिने खोकी पाहिली, तो सुजलेला हात पाहिला, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. मग हळूहळू त्या लाजेचा राग झाला, आणि तो राग तिच्या एकटीवर मावेना.

तिने नणंदेला आपल्या खुर्चीवर बसवलं, हाताला बर्फ दिला, आणि या इंजेक्शनची मागणी शून्य असलेली केंद्रं संगणकातून काढली. अकरा निघाली. नणंदेचं सोडून उरलेल्या दहाही केंद्रांना तिने एकामागून एक फोन लावले. चार केंद्रं पुलापलीकडची होती. एकाचा फ्रीज बिघडला होता, साठा फेकावा लागला होता. आता फ्रीज नवा होता, इंजेक्शन नव्हतं. एकीकडे नर्स महिनाभर रजेवर होती, तेवढ्या काळात होतं ते इंजेक्शन वापरून संपलं, पण कुणी आकडाच भरला नाही, यंत्राने त्याचं शून्य धरलं. कारणं वेगवेगळी, शेवट एकच. दुपारी तीनपर्यंत तिच्यासमोरचा कागद भरला आणि सगळा प्रकार लख्ख दिसला. औषध नव्हतं म्हणून वापरलं नाही. वापरलं नाही म्हणून लागत नाही. लागत नाही म्हणून पाठवलं नाही. आणि पाठवलं नाही म्हणून नव्हतं. यंत्र इमानेइतबारे गोल गोल फिरत होतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटत होतं, काय सुरळीत चाललंय!

एका नर्सने तर चौदा वेळा तक्रार नोंदवली होती. चौदाही वेळा तिच्या फोनवर घटकाभरात एकच उत्तर आलं होतं. तिने ते कुलूपबाईला वाचून दाखवलं: "आपल्या केंद्रात या औषधाची मागणी नसल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद."

"धन्यवाद?" कुलूपबाई ओरडली. सगळं भांडार वळून बघायला लागलं. "धन्यवाद म्हणतंय मेलं!"

कागद घेऊन ती साहेबांकडे गेली, त्या बाळंतिणीची हकीकतही सांगितली. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांना आपल्या खुर्चीतून फक्त तो पडदा दिसायचा. पडद्यावर एकशेचाळीस ठिपके होते आणि सगळे हिरवेगार.

"हे बघा," ते कौतुकाने म्हणाले, "मागणीच्या सत्त्याण्णव टक्के पुरवठा. असं पूर्वी कधी झालं होतं?"

"साहेब, ज्याने मागितलंच नाही असं यंत्र समजतं, त्याला काही न देताही पुरवठा पुरा होतो. हे अकरा ठिपके हिरवे आहेत ना, तिथे एक कुपी नाही."

"तुम्ही तांत्रिक गोष्टीत पडू नका. तक्रार नोंदवा."

"चौदा नोंदवल्यात."

"मग पंधरावी नोंदवा. पुढच्या आठवड्यात आढावा बैठक आहे, वरून मंडळी येणार आहेत. तोवर कशाला हात लावायचा नाही. आकडे हलले तर उत्तर मला द्यावं लागतं."

"आणि परवा ती बाई गेली असती, तर उत्तर कोणाला द्यावं लागलं असतं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "गेली नाही ना," ते म्हणाले.

कुलूपबाई खोलीबाहेर आली. तिने सरळ थंड खोली गाठली आणि पहिल्या खोक्यावर स्कॅनर धरला. स्कॅनर किंचाळला: पाठवण्याचा आदेश नाही. दुसऱ्यावर धरला, तेच. तिने तो टेबलावर उताणा ठेवला आणि कपाट उघडून जुनी जावक वही काढली. वर्षभर कुणी हात न लावलेली. तारीख घातली, केंद्राचं नाव, किती कुप्या, खाली सही. अशा अकरा ओळी.

गाडीवरचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते दारात येऊन बघत राहिले. "बाई, तुम्ही? आदेशाशिवाय माल काढताय?"

"काढतेय. नेता का, बोला. नाही म्हणालात तर मी रिक्षा करून जाते."

"रिक्षावाला डोंगर चढायचा नाही," मामा म्हणाले आणि बर्फाच्या पेट्या उचलायला वाकले. "पण तुमचं काय होईल याचा विचार केलात का?"

"तो साहेब करतील. त्यांना वेळ आहे."

फाटकावरच्या पहारेकऱ्याला यंत्राची पावती लागायची. कुलूपबाईने स्वतःच्या अक्षरात पावती लिहून दिली: मी, भांडारपाल, माझ्या जबाबदारीवर हा माल सोडते आहे. पहारेकऱ्याने ती दोनदा वाचली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. दोन दिवसांत अकराही केंद्रांत कुप्या पोचल्या. नणंदेने आपल्या केंद्राची पोच डाव्या हाताने लिहून दिली.

गाडी गेली त्याच संध्याकाळी नणंद हॉस्पिटलात त्या बाईला बघायला निघाली. कुलूपबाई म्हणाली, "मीही येते."

"कशाला? तिला काय सांगणार?"

"माहीत नाही."

ती पोर खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती, चेहरा कागदासारखा पांढरा. बाळ आजीच्या मांडीवर झोपलं होतं. नणंदेने ओळख करून दिली, "या माझ्या वहिनी. औषधांचं भांडार यांच्याकडे असतं." आजीने हात जोडले, तिला वाटलं, कुणी मोठ्या बाई मदतीला आल्या. कुलूपबाईला ते बघवेना.

"हात नका जोडू," ती म्हणाली. "इंजेक्शन माझ्याकडे होतं. हिने मागितलं होतं, मी पाठवलं नाही. यंत्राने नको म्हटलं आणि मी त्याचं ऐकलं."

आजीचे जोडलेले हात खाली आले. मग त्या पोरीने डोळे उघडून विचारलं, "पण बायका बाळंत होतात हे तर तुम्हाला माहीत होतं ना?"

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुलूपबाई "चुकलं माझं" म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि बाहेर येऊन जिन्यात बसली. नणंद शेजारी येऊन बसली. ती म्हणाली, "मीही दुप्पट मागायची, वहिनी. ते काही खोटं नव्हतं." आणि आपला बरा हात तिच्या पाठीवर ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. नणंदेने असा हात पहिल्यांदाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. बेचाळीस खोक्यांतली बावीस खोकी आदेशाविना गायब, तफावतीची कारणे दाखवा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सुनावणी आढावा बैठकीतच ठेवली होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, वरून आलेली पाच मंडळी, आणि कोपऱ्यात प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता. पन्नाशीचा, सर्दीने बेजार, सारखा नाक पुसणारा.

साहेबांनी सुरुवात केली. शिस्त, विश्वास, आधुनिक व्यवस्था, जुन्या माणसांना बदल पचत नाही, वगैरे. कुलूपबाईने ऐकून घेतलं. मग ती उभी राहिली.

"बदल मला पचला होता," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या आधी पचला. औषधं वाया जायची थांबली, त्याचा मला तुमच्यापेक्षा जास्त आनंद झाला, कारण ती खोकी मी मोजून फेकत होते. पण मला एक सांगा. फळी रिकामी असली की वापर शून्य, आणि गरज नसली तरी वापर शून्य. या दोन शून्यांत फरक कोण करणार? पूर्वी नर्स भांडून तरी सांगायची. तुम्ही तिचं तोंड बंद केलंत, हातात एक रकाना दिलात, आणि त्या रकान्यात खरं लिहायची सोयच ठेवली नाहीत. वर तिचे आभार मानताय!"

"आवाज खाली घ्या," साहेब म्हणाले.

"नाही घेणार. एका पोरीचं गर्भाशय काढलंय, आणि मला तुम्ही बावीस खोकी कुठे गेली विचारताय? जिथे जायला हवी होती तिथे गेली. ही वही, या पोचपावत्या. मोजून घ्या."

कोपऱ्यातल्या अभियंत्याने रुमाल खिशात घातला आणि समोरचा लॅपटॉप उघडला. "बाईंची ती यादी मला द्या," तो म्हणाला. बैठक चालू राहिली, तो खटाखट बटणं दाबत राहिला. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली. त्याचा चेहरा उतरला होता.

"त्या बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "साठा शून्य असलेले दिवस आम्ही गणतीतून वगळायला हवे होते. वगळले नाहीत. आणि हे एकाच इंजेक्शनचं नाही. चौसष्ट औषधं आहेत. दम्याचे फवारे आहेत, फिटच्या गोळ्या आहेत. सगळी केंद्रं धरून तीनशेच्या वर जागा आहेत जिथे आमच्यामुळे फळी रिकामी राहिली."

"आमच्यामुळे म्हणजे? कर्मचाऱ्यांनी आकडे नीट भरले नाहीत," साहेब घाईने म्हणाले.

"नाही साहेब. त्यांनी शून्य भरलं, आणि शून्यच खरं होतं. आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला." तो कुलूपबाईकडे वळला. "मी कधी असं केंद्र पाहिलेलंच नाही, बाई. मला वाटायचं, औषध संपलं की कुणीतरी फोन करेल."

"केला होता," कुलूपबाई म्हणाली. "मीच उचलला होता."

महिन्याभरात प्रणालीत दोन नवे रकाने आले: "साठा नव्हता" आणि "तातडीने हवे". तक्रार आता यंत्र निकाली काढत नाही. माणसाला फोन करावा लागतो, नाव सांगावं लागतं. तीनशे रिकाम्या फळ्या भरायला सहा आठवडे लागले. हे काम चोख झालं, आणि यंत्राच्या मदतीनेच झालं, हे कुलूपबाई कुणालाही सांगते. पुढच्या बैठकीत साहेबांनी "आमच्या कार्यालयाने सुचवलेली सुधारणा" म्हणून ते पडद्यावर दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. त्या सादरीकरणात त्या पोरीचा उल्लेख कुठेच नव्हता.

कुलूपबाईची नोटीस मात्र मागे घेतली नाही. तिला ताकीद मिळाली: आदेशाविना माल सोडला, पुन्हा असे घडू नये. खाली सही करायची होती, "मान्य". कारकून म्हणाला, "करून टाका हो बाई, प्रकरण मिटेल. साहेबांनीच सांगितलंय, सही केली की कागद फायलीत तळाला जाईल."

"मिटायला नकोच आहे मला," ती म्हणाली, आणि "मान्य" शब्दावर रेघ मारून सही न करता कागद परत दिला.

घरी बसून तिने वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. नवरा म्हणाला, "नोकरीची तीन वर्षं राहिलीत, कशाला अंगावर घेतेस?" ती लिहीत राहिली. पत्रात अकरा केंद्रांची नावं होती, प्रत्येक केंद्र किती दिवस इंजेक्शनाविना होतं ते होतं, त्या पोरीची हकीकत होती, आणि शेवटी दोन मागण्या. त्या पोरीच्या उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी कार्यालयाने लेखी घ्यावी. आणि जिने फोन येऊनही ऐकलं नाही त्या भांडारपालाची चूक, म्हणजे स्वतः पत्र लिहिणारीची, तीही साहेबांच्या चुकीशेजारी नोंदवावी. पत्र नणंदेने वाचलं, एके ठिकाणी तारीख दुरुस्त केली आणि खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली.

पत्राला चार महिने झाले. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी भांडार उघडून झालं की कुलूपबाई दोन मजले चढून त्या कार्यालयात जाते आणि पत्र क्रमांक सांगून विचारते, "काय झालं?" पहिल्यांदा तिथल्या कारकुनाने तिला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं होतं. आता ती जिन्यात दिसली की तो आधीच फाइल काढून ठेवतो आणि मान खाली घालून म्हणतो, "अजून नाही, बाई." ती म्हणते, "बरं. पुढच्या सोमवारी येते."